शेवटच्या फेरीला उठणारी अक्का

शेवटची फेरी सुरू झाली की आमची अक्का टीव्हीसमोरून उठून स्वयंपाकघरात जात असे. त्याआधी तास-दीड तास तिने मोटारींच्या शर्यतीवरून दृष्टी काढलेली नसे. निकालाच्या वेळी मात्र ती ओट्याकडे तोंड करून, पदर मुठीत धरून उभी. "माझ्या नजरेनं आपला निळा हरतो," एवढेच तिचे म्हणणे. निळी गाडी चालवणाऱ्याचे नाव तिने कधी विचारले नाही.

अक्का माझी थोरली बहीण. माझी पत्नी गेल्यानंतर ती कोपरच्या घरी माझ्या सोबतीला आली. शर्यतीच्या रविवारी दिवेलागणीला देवापाशी समई लावायची आणि त्याच हाताने टीव्ही, हा तिचा नेम. मी जन्मभर संस्कृत शिकवलेला. त्या घरघराटात माझे स्तोत्र अडखळे. तरी शेवटच्या फेरीचे वर्णन करण्याची सेवा माझ्याकडेच होती.

"बाळू, तुझं स्तोत्र कुठं पळून जात नाही. निळा कुठाय ते सांग!"

"अग्रभागी आहे, अक्का."

"अग्रभागी काय रे! मागचा किती जवळ आलाय?"

सत्तरी ओलांडलेल्या मला बाळू म्हणणारे तेवढेच एक माणूस उरले होते.

गेल्या वर्षी हृदयविकाराने अक्का अंथरुणाला खिळली. तिची खाट आम्ही बैठकीतच मांडली. त्यानंतरच्या एका शर्यतीत निळी गाडी आरंभापासून पुढे होती. परंतु तिचे टायर झिजले होते आणि तांबडी गाडी प्रत्येक वळणाला जवळ येत होती. शेवटची फेरी लागली. अक्काला आता उठून जाता येणार नाही, म्हणून टीव्ही बंद करावयास मी उठलो.

"बस खाली," ती म्हणाली. "बघू या काय होतं ते."

तिने माझे मनगट घट्ट धरले. अखेरच्या वळणावर तांबडी आतून घुसली, पुढेही गेली. पण वेग न आवरल्याने बाहेरच्या कडेला भरकटली. निळी आतून निसटली आणि जेमतेम गाडीभर अंतराने जिंकली.

अक्का खोकला येईपर्यंत हसली. "म्हणजे इतकी वर्षं मी उगाच ओट्यापाशी उभी राहिले की रे!"

पुढे तिला रुग्णालयात न्यावे लागले. एका दुपारी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले, की आता थोडाच वेळ आहे. माझे पाय आपोआप दाराकडे वळले. बाहेर बसून नामस्मरण करावे, म्हणजे काही पाहावे लागणार नाही, असे वाटले. दाराशी पोहोचलो आणि ओट्याकडे तोंड करून उभी असलेली अक्का डोळ्यांपुढे आली.

मी परत फिरलो. तिच्या उशाशी बसून तिचे मनगट हाती धरले. नाम तेथेच घेतले, डोळे उघडे ठेवून.