लीलावती टेंबे यांचा राग

लीलावती टेंबे रागीट होत्या. निरोपसमारंभात लोक त्यांना ‘वरून कडक, आतून प्रेमळ’ वगैरे म्हणाले, ते खोटं आहे. त्या आतूनही रागीटच होत्या. राग यावा असं त्यांच्या वाट्याला पुष्कळ आलं होतं. त्यातलं बरंचसं माझ्या डोळ्यांदेखत घडलं आणि मी गप्प बसलो.

भोपाळचा आमचा सरकारी कारखाना पाण्याच्या पंपांच्या मोटारी बनवायचा. बाई १९८२ साली नाशिकहून इंजिनियर म्हणून रुजू झाल्या. पहिल्याच दिवशी वाइंडिंग शॉपचे, म्हणजे मोटारींच्या तारा गुंडाळायच्या खात्याचे, फोरमन दत्तात्रय घारपुरे यांनी त्यांना दारात अडवलं.

“पदर मशीनमध्ये अडकला तर जबाबदार कोण?”

बाई सलवार-कमीजमध्ये होत्या. पदर नव्हताच. तरी घारपुऱ्यांनी वर चिठ्ठी पाठवली आणि बाईंची रवानगी ड्रॉइंग ऑफिसात झाली. तिथे त्या एकोणीस वर्षं दुसऱ्यांनी काढलेले यंत्रांचे नकाशे तपासत बसल्या. त्यांच्या हाताखाली शिकलेले तिघं त्यांचे साहेब झाले. मी १९८७ मध्ये ग्वाल्हेरहून इन्स्पेक्टर म्हणून आलो. टाउनशिपमध्ये माझं क्वार्टर बाईंच्या शेजारीच होतं. त्यांच्या घरातून भांडी आपटल्याचा आवाज आला की माझी बायको प्रमिला म्हणायची, “आज पुन्हा कुणाचं तरी प्रमोशन झालेलं दिसतंय.” आम्ही हसायचो. आता ते हसणं आठवलं की स्वतःचीच चीड येते.

२००१ साली स्वेच्छानिवृत्तीची लाट आली. वाइंडिंग शॉपचे प्रमुखही पैसे घेऊन पुण्याला गेले. त्यांची खुर्ची कुणालाच नको होती, कारण आमच्या मोटारी गावोगावहून जळून परत येत होत्या. बुडणारं खातं टेंबे बाईंच्या गळ्यात मारायचं ठरलं. जनरल मॅनेजर म्हणाले, “महिलांना संधी द्यायला हवी.” मी तिथेच उभा होतो. साहेब बोलताना हसू दाबत होते.

पहिल्याच आढावा बैठकीत दोष कुणाचा ते आधीच ठरून आलं होतं. शॉपमध्ये कॉइल गुंडाळायला बावीस बायका होत्या, बहुतेक ठेकेदाराच्या. घारपुरे म्हणाले, “बायकांचे हात घामट. तारेला ओल लागते, म्हणून मोटार जळते.”

“कुणी मोजलंय?” बाईंनी विचारलं.

“मोजायचं काय? तीस वर्षं बघतोय.”

“म्हणजे तीस वर्षं मोजलं नाहीत!” बाईंनी फाइल अशी आपटली की चहा सांडला. “आणि या बावीस जणींपैकी एकीला तरी कुणी काही विचारलंय का?”

कुणीच विचारलं नव्हतं. मी रोज त्यांच्या कामाची तपासणी करायचो, पण त्यांच्याशी बोललो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता बाईंनी शॉपच्या मधोमध सगळ्यांना बोलावलं. पक्के कामगार, ठेक्यावरचे, झाडूवाला, इन्स्पेक्टर, सगळे एका ठिकाणी उभे. पक्के कामगार कुरकुरले. ठेक्यावरच्यांबरोबर त्यांनी कधी चहासुद्धा घेतला नव्हता. बाई म्हणाल्या, “मोटार का जळते? ज्याला जे वाटतं ते बोला. मी मध्ये बोलणार नाही.” तीन दिवस रोज बोलावूनही कुणी तोंड उघडलं नाही. चौथ्या दिवशी मागून आवाज आला.

“मैडम, भट्टी का बायाँ कोना ठंडा रहता है.”

ती सुशीला अहिरवार. भोपाळजवळच्या मंडीदीपहून येणारी, चाळिशीची, ठेकेदाराची मजूर. वार्निश लावलेल्या मोटारी सुकवायच्या भट्टीत ठेवणं आणि काढणं हे तिचं काम. डाव्या कोपऱ्यातल्या मोटारी बाहेर काढताना तिच्या बोटांना चिकटायच्या. वार्निश कच्चं राहायचं आणि मग ओल आत शिरायची.

“कब से?”

“दो साल से. ठेकेदार को बोला था. वो बोला, अपना काम कर.”

मी भट्टीत चार थर्मामीटर ठेवले. डावा कोपरा तीस अंशांनी थंड निघाला.

बाई खूश होतील असं मला वाटलं होतं. त्या भडकल्या. “दोन वर्षं! दोन वर्षं ही बाई बोटांनी तपासतेय, आणि आपण इथे डिग्र्या लावून बसलोय. जयंत, तुम्ही तिच्यापासून किती फुटांवर बसता?”

“दहा,” मी म्हणालो.

“लाज वाटू द्या.”

वाटली.

तेव्हापासून आठची सभा कायमची झाली. त्यातूनच कळलं, की ठेक्यावरच्या बायकांना स्वच्छतागृह अर्धा किलोमीटर लांब आहे, म्हणून त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत. त्यांना कॅन्टीनमध्ये प्रवेश नाही, त्या सायकल स्टँडच्या पत्र्याखाली डबा खातात. बाईंनी स्वतःच्या केबिनला लागून असलेलं अधिकाऱ्यांचं स्वच्छतागृह त्यांना उघडून दिलं आणि त्याची किल्ली साहेबांकडे परत द्यायला नकार दिला.

पण या सभेला एक माणूस नव्हता. बाईंनी घारपुऱ्यांना पहिल्या दिवसापासून बोलावलंच नव्हतं. ते आपल्या काचेच्या खोलीतून बघत उभे राहायचे. मी एकदा म्हणालो, “मॅडम, त्यांनाही बोलवायला हवं.” बाई माझ्यावर उसळल्या. “एकोणीस वर्षं मी दाराबाहेर होते. त्यांना दोन महिने राहू दे!” मला ते न्याय्य वाटलं. खरं सांगायचं तर गंमतही वाटली.

मग भट्टीच्या दुरुस्तीचा दिवस आला. वायरिंगचा नकाशा बाईंनी स्वतः तपासला होता. इलेक्ट्रिशियन श्यामनं नकाशाप्रमाणे मेन स्विच बंद केला, झाकण काढलं आणि आत हात घातला. मोठा आवाज झाला. श्याम मागे फेकला गेला, त्याचा उजवा तळहात भाजला होता. जीव वाचला. १९८६ मध्ये भट्टीला दुसरीकडून एक जास्तीची लाइन जोडली होती. ती नकाशात चढवलीच नव्हती. ती जोडली होती घारपुऱ्यांनी.

घारपुरे धावत आले आणि त्यांनी भिंतीमागचा दुसरा स्विच खाली ओढला. मग बाईंकडे वळले. “मला एका शब्दानं विचारलं असतंत तर सांगितलं असतं!”

“आणि तुम्ही ती लाइन नकाशात घातली असतीत तर विचारावं लागलं नसतं!” बाई ओरडल्या. दोघंही खरं बोलत होते. श्याम खाली पडून कण्हत होता.

संध्याकाळी बाई माझ्याकडे आल्या. “चला, मला साक्षीदार हवाय.” आम्ही घारपुऱ्यांच्या क्वार्टरवर गेलो. त्यांनी बसा म्हटलं नाही.

“तुम्हाला सभेत न बोलावणं ही माझी चूक,” बाई उभ्याउभ्याच म्हणाल्या. “मी ते रागापोटी केलं. श्यामचा हात त्यामुळे भाजला. उद्या हे सगळ्यांसमोर सांगणार आहे आणि वरही लिहून देणार आहे.”

“तुम्ही मला दोन महिने सगळ्यांसमोर खाली पाहायला लावलंत, टेंबे बाई.”

“तुम्ही मला एकोणीस वर्षं. त्याची माफी तुम्ही कधी मागितली नाहीत आणि मला आता ती नकोय. तुम्हाला जे माहीत आहे ते मला हवंय. उद्या आठला या.”

घारपुऱ्यांनी दार लावून घेतलं. पण दुसऱ्या दिवशी आठला घारपुरे आले, शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून उभे राहिले. बाईंनी चूक कबूल केली. मग घारपुऱ्यांनी घसा खाकरून नकाशात नसलेल्या अकरा गोष्टी सांगितल्या. सुशीला अहिरवारनं त्यांना बाराव्या गोष्टीची आठवण करून दिली. बाई आणि घारपुरे नंतर एकमेकांशी कधी गोड बोलल्याचं मी पाहिलं नाही. काम मात्र व्हायला लागलं. वर्षभरात जळून परत येणाऱ्या मोटारी जवळजवळ थांबल्या.

यश दिसलं तसे साहेब लोक जागे झाले. महाराणा प्रताप नगरच्या एका हॉटेलात ‘बदलत्या काळातील समावेशक नेतृत्व’ असा परिसंवाद ठेवला गेला. जनरल मॅनेजर आपण हा प्रयोग कसा रुजवला ते चाळीस मिनिटं सांगत होते. बाईंना शेवटी आभार मानायला उभं केलं.

बाई म्हणाल्या, “साहेबांनी पडद्यावर ज्यांचा फोटो दाखवला, त्या सुशीला अहिरवार आज इथे नाहीत. गेल्या सोमवारी ठेका बदलला आणि त्यांचं नाव कापलं. तक्रारखोर म्हणून. त्या कामावर परत येईपर्यंत मोटारी बाहेर पाठवायच्या एकाही रिपोर्टवर मी सही करणार नाही.” आणि त्या जेवायला न थांबता निघून गेल्या. मागोमाग मी उठलो. आणखी एक खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ते घारपुरे होते.

अकरा दिवस शॉपमधून एकही मोटार बाहेर गेली नाही. बाईंना नोटीस मिळाली, त्यांची वेतनवाढ रोखली गेली. बाराव्या दिवशी सुशीला कामावर परत आली. ठेक्यावरच्या बायकांना कॅन्टीनचं दार उघडायला त्यानंतर आणखी दीड वर्ष लागलं.

बाई २०१४ मध्ये निवृत्त झाल्या आणि कोलार रोडच्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्या. नव्या प्रमुखांनी आठची सभा पहिल्याच आठवड्यात बंद केली. वेळ वाया जातो म्हणाले. महिनाभरानं सुशीलानं एका सकाळी आपणच मधोमध उभं राहून हाका मारल्या, आणि सभा पुन्हा सुरू झाली.

ही चांगली बातमी सांगायला मी मुद्दाम बाईंकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या कपाळाची शीर उडायला लागली.

“महिनाभर बंद होती?”

“हो, पण—”

“आणि तो महिनाभर तुम्ही काय करत होतात, जयंत?”

मी चहाचा कप खाली ठेवला. “बसत होतो. दहा फुटांवर,” मी म्हणालो.