चुन्याचं पोतं आणि काकीचं मागचं दार

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, आणि आकाशातून पकडला गेलेला पहिला माणूसही मीच.

भूगोलात बी.एस्सी. झाल्यावर मला ड्रोन मोजणीच्या पथकात कंत्राटी नोकरी लागली. माण तालुक्यात फिरत फिरत आमचं पथक एके दिवशी थेट माझ्याच गावात आलं. रीत अशी, की ड्रोन उडायच्या आधी ज्यानं त्यानं आपल्या घराची हद्द चुन्यानं आखायची. वरून फोटो निघतो, त्यावरून नकाशा होतो आणि मग मालकाच्या नावाचा कागद मिळतो.

त्या कागदासाठी आमचे आबा वाट बघत होते. जन्मभर मेंढरं राखलेला माणूस. रेशनकार्ड सोडलं तर त्यांच्या नावाचा सरकारी कागद घरात नव्हता. आड आला होता बोळ. आमचं घर आणि धाकटे चुलते तात्या यांचं घर, यांमधला दोन हात रुंद बोळ. त्यात आमच्या न्हाणीचं पाणी जायचं आणि त्यांचा मोगरा वाढायचा. एवढ्यावरून दोघे भाऊ सात वर्षं बोलत नव्हते!

"हद्दीवर एकमत न्हाई झालं, तर दोघांचाबी कागद अडकणार," मी आबांना सांगितलं.

"अडकू दे. बोळ माझा हाय."

तिकडून लष्करातून निवृत्त झालेले तात्या भिंतीला ऐकवत होते, "हमारा बोळ है! एक इंच पीछे नहीं हटणार!"

दोघांनीही बोळाच्या पलीकडच्या कडेनं आपापली रेघ ओढली. आबांची रेघ तात्यांच्या भिंतीला चिकटून आणि तात्यांची आमच्या.

गावभर चुना पोचवायचं काम माझ्याकडं होतं. मोटारसायकलच्या मागं पोतं बांधून सकाळपासून मी हिंडत होतो. पोतं मी नेमकं सायलेन्सरला टेकवून बांधलं होतं. (उष्णतेनं प्लास्टिक वितळतं, हे मला पाठ होतं. परीक्षेपुरतं.)

दुपारी ड्रोन उडायच्या आधी, मधल्या वेळेत मी एक खासगी काम उरकलं. ते काम म्हणजे तात्यांच्या घरी काकीच्या हातची बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं. मला कॉलेजात घालताना आबांना फॉर्म वाचता येईना, तेव्हा तो तात्यांनी भरला होता, आणि दहिवडीच्या कॉलेजला जाताना डबा काकीनं दिला होता. भांडण झालं म्हणून जीभ ते विसरेना. पण आबांच्या समोरून जायची छाती नव्हती. म्हणून आमच्यापासून दहा पावलांवरच्या घरी मी पंचायतीपासून निघून, शाळेला वळसा घालून, देवळामागनं, ओढ्याकडनं, मागच्या दारानं गेलो.

परत आलो तर पोतं बरंच हलकं लागलं. मला वाटलं, पोट भरल्यामुळं अंगात जोर आलाय!

गावात एव्हाना निराळाच गोंधळ. शाळेजवळच्या गणपतअण्णांच्या अंगणातून पांढरी रेघ गेलेली. अण्णा शेळ्या सोडून रेघेच्या अलीकडं बांधत होते.

"अण्णा, काय करताय?"

"आवं, सरकारी रेघ हाय. पल्याड बांधल्या तर शेळ्या सरकारजमा व्हायच्या!"

मी पदवीधर. मी त्यांना शाबासकी दिली.

काही आठवड्यांनी नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला आणि चौकशीचे साहेब आले. सगळं गाव नकाशापुढं. साहेबांची पेन्सिल एका रेघेवर थांबली.

"ही कुणाची हद्द? पंचायतीपासून निघालीय, शाळेला वळसा, देवळामागं, ओढ्याकडं... आणि इथं, या मागच्या दारात चक्क चुन्याचा ढीग आहे."

मी छताचे वासे मोजू लागलो.

"ही गाडीची रेघ हाय," आबा सावकाश म्हणाले. मेंढरांच्या खुरांवरून वाट काढणारा माणूस तो. त्याला ड्रोन काय नवा! "ढीग मोठा हाय. म्हंजी गाडी लय येळ उभी हुती. दमानं जेवलास व्हय रं?" सगळं गाव हसलं.

"आबा, ते... काकीनं..."

"आरं, मग म्होरल्या दारानं यायचं की!" तात्या मागून ओरडले. "माझ्याच घरात चोरावानी शिरतोस?"

"तुमच्या दोघांच्या भ्यानं, तात्या."

माणसं हसायची थांबली. आबा नकाशाजवळ गेले. खालून ज्या बोळासाठी सात वर्षं गेली, तो वरून दिसतच नव्हता. दोन घरांचे पत्रे एकमेकांना टेकलेले. आबांनी त्यावर बोट ठेवलं, मग तेच बोट माझ्या लांबलचक रेघेवरून शाळेपर्यंत नेलं.

"सायेब," ते म्हणाले, "बोळ सामाईक लिवा. पोराला लय लांबनं फिरावं लागतंय."

तात्यांनी खाली सही केली. आबांनी अंगठा उमटवला, आणि शाई पुसायला तात्यांनी आपला रुमाल पुढं केला.

मला तीन वर्षं शिकून जे जमलं नसतं, ते पोत्याच्या भोकानं केलं. आता आबांचा कागद देव्हाऱ्यात आहे. मी गावी गेलो की बोळातून उघडपणे काकीकडं जाऊन जेवतो. मग घरी आई ताट वाढून बसलेली असते. "तिच्या भाकरीसाठी गावाला वळसा घातलास, माझी काय कडू लागती?" असं म्हणून ती आणखी दोन वाढते.

गावाची मोजणी पक्की झाली. माझी मात्र फेरमोजणी करावी लागणार. शर्टाची बटणं हद्दीवरून भांडायला लागली आहेत!