रूपाली सिस्टर आणि थिजलेला हात

जळगावच्या एका खासगी हॉस्पिटलात ऑपरेशनचा रोबो आला तेव्हा दोन सिस्टरांना तो हाताळायला शिकायला बाहेरगावी पाठवलं होतं. त्यातली एक पुढे नाशिकला निघून गेली आणि ऑपरेशनच्या टेबलाशी उभी राहणारी रूपाली एकटीच उरली. डॉक्टर हितेंद्र खोलीच्या कोपऱ्यात स्क्रीनमध्ये डोळे घालून बसायचे आणि तिथून रोबो चालवायचे. रोबोचे हात पेशंटच्या पोटात, आणि त्या हातांजवळ रूपाली.

तिच्या आईच्या, बेबाबाईच्या, गर्भाशयात गाठ निघाली. रूपालीनेच रोबोचा आग्रह धरला. छेद लहान, दुखणं कमी, केळीच्या बागेत लवकर परतता येईल. भाऊ योगराजला ते पटलं नव्हतं. तरी रावेरहून आईला गाडीत घालून तोच घेऊन आला. स्वतःच्या आईच्या ऑपरेशनला उभं राहायचं रूपालीच्या मनात नव्हतं. पण दुसरं शिकलेलं कोणी नव्हतं, आणि रक्तस्राव थांबत नसल्याने थांबायलाही वेळ नव्हता.

निम्मं काम झालं आणि स्क्रीनवर लाल खूण आली. रोबोचा एक हात जागीच थिजला. त्याच्या चिमट्यात आतला भाग धरलेला. मशीन पुन्हा सुरू करून पाहिलं, इंजिनिअरला पुण्याला फोन लावला. हात हलेना.

डॉक्टर उठले. "रूपाली, चिमटा सोडव. पोट उघडू या."

चिमटा सैल करायची किल्ली तिने आजवर रबराच्या बाहुलीवरच फिरवली होती. तिने श्वास रोखला, मधल्या कापडी पडद्यापलीकडच्या आईच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही आणि किल्ली हळूहळू फिरवली. चिमटा उघडला. तिने रोबो बाजूला ओढला, डॉक्टरांनी हातात सुरी घेतली. रक्त बरंच गेलं, पण गाठ निघाली.

योगराज तिच्याकडे न बघता औषधांची चिठ्ठी घेऊन खाली गेला. तो रागावला असता त्यापेक्षा तेच तिला जास्त लागलं.

बेबाबाई उठून बसू लागली तेव्हा तिने विचारलं, "घाबरली व्हती का तू?"

"हो."

"मंग हात कसा चालला?"

"माहीत नाही, आई."

बेबाबाईने तिचा हात मांडीवर ओढून घेतला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

मशीन दुरुस्त झालं. दुसरी सिस्टर तयार होईपर्यंत मी रोबोपाशी उभी राहणार नाही, असं रूपालीने व्यवस्थापनाला सांगून टाकलं. शेवटी विधी नावाची नवी सिस्टर आली. रूपाली तिच्याकडून रबराच्या बाहुलीवर किल्लीने चिमटा सोडवून घेते. विधी कंटाळते, हात दुखले म्हणते.

रूपाली फक्त म्हणते, "पुन्हा."