फाटकावरचा फिरता फोन

आमचं मूळ घर बूढापाऱ्यातलं, म्हणजे शहराच्या जुन्या वस्तीतलं. मराठ्यांच्या फौजेबरोबर कोणी पूर्वज इकडे, हिंदी मुलखात आला म्हणतात. फौज वापस गेली, आम्ही राहून गेलो. त्या पूर्वजाजवळ घोडा आणि तलवार होती म्हणे. माझ्याजवळ दोन झेंड्या होत्या, एक लाल, एक हिरवी. चौथी पास माणसाला रेल्वेनं एवढं दिलं, हेही कमी नाही.

मी फाटकवाला होतो. शहराबाहेर एका फाटकावर नोकरीची शेवटची बारा वर्षं काढली. बाजूला एका खोलीचं क्वार्टर, तिथं मी आणि बायको. पोट्टा तेव्हा शिकायला काकाकडे होता. बायको आठ महिन्यांपूर्वी गेली. आता मी पोट्ट्याकडे, समता कॉलोनीत राहतो. दुसऱ्या माळ्यावरच्या बाल्कनीत बसतो आणि पेपर वाचतो. परवा पेपरात होतं, रेल्वेनं सुरक्षेच्या नियमांची कडक तपासणी सुरू केली, दोषींवर कारवाई होणार. मी हसलो. सून आतून म्हणाली, "क्या हुआ बाबूजी?" तिला काय सांगू! दोषी कसा सापडतो ते मला ठाऊक आहे. मी स्वतः सापडलेलो आहे.

फाटकाचं काम सोपं असतं, जर फोन चालत असला तर. स्टेशनमास्तर फोन करणार, गाडी सुटली. मी फाटक लावणार. गाडी गेली की उघडणार. आमचा फोन चालत नव्हता. लाइनवाला येऊन पाहून गेला. म्हणे, तार ठीक आहे, डबा सडला, नवा मागवावा लागेल. मागवला. म्हणजे कागद गेला. कागद किती दूर गेला देव जाणे, वापस आला नाही.

नियम असा आहे की फोन बंद असला तर फाटक बंद ठेवायचं, दोन्हीकडे नीट पाहून, खात्री करूनच उघडायचं. नियम लिहिणाऱ्यानं आमच्या फाटकावर एक सकाळ काढायला पाहिजे होती. दहा मिनिटं फाटक बंद राहिलं की इकडून तिकडून हॉर्न, आणि मग, "ओ चाचा, सो गए क्या?" कोणी माझ्या आईपर्यंत पोहोचायचा. आणि पाहायचं तरी काय? स्टेशनाकडचा रूळ आमच्याकडे येताना वळतो, आणि त्या वळणावर बाभळीचं रान. इंजिन दिसलं म्हणेपर्यंत डोक्यावर. वळणाच्या पलीकडे 'सी/फा'ची पिवळी पाटी होती, म्हणजे ड्रायव्हरनं तिथं शिटी वाजवायची, पुढे फाटक आहे. बरेच वाजवत. वारा उलटा असला की वाजवूनही न वाजवल्यासारखंच.

मग बायको वळणावर जाऊन उभी राहू लागली. हातात स्टीलची थाळी आणि लाटणं. तिला तिथून लांबवर दिसायचं. गाडी दिसली की थाळी बडवायची, मी फाटक लावायचो. भारत सरकारची रेल्वे, आणि तिची सूचना व्यवस्था म्हणजे आमच्या जेवायची थाळी. दुपारी धुऊन त्याच थाळीत मी जेवायचो. थाळीला पोचे पडत गेले. बायकोचे गुडघे दुखत होते, तरी दिवसातून सहा-सात वेळा ती त्या खडीतून चालत जायची.

ती नववीपर्यंत शिकली होती. तक्रारवही तीच लिहायची, मी सही करायचो. दर सोमवारी: टेलिफोन बंद है, कृपया बदलें. सुपरवायझर महिन्यातून एकदा यायचे, सगळ्या सोमवारांखाली एकच शब्द लिहायचे, "देखा". वही भरत आली तशी बायको म्हणाली, "एवढं तं माह्या लग्नाच्या वख्ती मलेही कोणी पाह्यलं नव्हतं."

एका दुपारी शाळेच्या पोट्ट्यांचा ऑटो अर्ध्या रुळावर बंद पडला आणि त्याच वेळी थाळी वाजली. मी आणि ऑटोवाल्यानं ढकलला. ऑटो निघाला, मी एक दांडी खाली आणली, दुसरी अर्धीच आली होती तेवढ्यात मालगाडी धडधडत गेली. आतली पोट्टी टाळ्या वाजवून राहिली होती, त्यांना गंमत वाटली. बायको वळणावरून आली, ओट्यावर बसली, आणि मांडीवरच्या थाळीचे पोचे बोटानं चाचपू लागली. मग म्हणाली, "आज मालगाडीचा आवाज मोठा होता. तुमाले थाळी ऐकू आली नसती तं?"

मी म्हणालो, "आली ना."

"आज आली. अन् मले तिथं उभं राहाले भेव लागते जी. गाडी अशी अंगावरून गेल्यावानी जाते."

बारा वर्षांत तिनं एवढीच तक्रार केली, आणि ती कोणत्या वहीत लिहिता येत नव्हती. माझ्या डोक्यात तेव्हापासून एकच गोष्ट बसली, फोन चालू झाला पाहिजे आणि ही बाई त्या वळणावरून उठली पाहिजे.

मग तपासणी आली.

तपासणी म्हणजे कसं, की आधी चुना येतो. रुळाजवळचे दगड, फाटकाचे खांब, कडुनिंबाचं खोड, सगळं पांढरं झालं. आमची कोंबडी थांबली असती तर तिलाही लावला असता. मग मोटरसायकलवर दोन माणसं आली. त्यांनी वाळूच्या लाल बादल्या टांगल्या, औषधाची पेटी ठोकली, कोऱ्या झेंड्या दिल्या. आणि नवा फोन लावला! काळाकुळकुळीत. कानाला लावला तर स्टेशनमास्तर समोर बसल्यासारखा. बायकोनं दोघांना चहा दिला. तासाभरानं साहेब रुळावरच्या ट्रॉलीवरून आले, फोन कानाला लावला, "व्हेरी गुड" म्हणाले, आणि गेले.

अर्ध्या तासानं मोटरसायकल वापस आली. बादल्या काढल्या, वाळूसुद्धा पोत्यात भरून नेली. झेंड्या घेतल्या. आणि फोन काढू लागले.

मी म्हणालो, "हे काहून?"

"चाचा, साहब अब अगले फाटक पे जा रहे हैं. वहाँ भी तो लगाना है."

मला वाटलं मोटरसायकलवाला मजाक करून राहिला. मजाक नव्हता. सगळ्या फाटकांचा मिळून एक फोन होता. साहेब रुळावरून पुढे, फोन सडकेवरून त्यांच्याही पुढे. साहेब प्रत्येक फाटकावर तोच फोन कानाला लावून खूश. सुरक्षेत इतकं फिरणारं सामान दुसरं मी पाहिलं नाही.

बायकोनं त्या माणसाला म्हटलं, "रुको भैया, एक मिनट," आणि आत जाऊन नखाला लावायची लाल पॉलिश घेऊन आली. तुम्हाला सांगायला पाहिजे, आमच्याकडे बाया शेजारी भांडं देतात तेव्हा ओळखू यावं म्हणून बुडाला पॉलिशचा टिपका लावतात. हळदीकुंकू असो की भंडारा, ढिगातून आपली वाटी बरोबर वापस येते. तिनं फोन उलटा केला आणि बुडाला ठसठशीत टिपका दिला. मोटरसायकलवाला हसत होता. तिनं फुंकर मारून तो वाळवला, मग हातात दिला.

"हे काय केलं वं?" मी विचारलं.

"आपल्या वाट्या कशा वापस येतात? येईल हाही."

आला. सहा महिन्यांनी दुसरी तपासणी लागली. पुन्हा चुना, पुन्हा बादल्या, पुन्हा नवा फोन. बायकोनं फक्त फोनच्या बुडाला हात लावून पाहिलं आणि माझ्याकडे पाहून मान डोलावली, टिपका होता.

या वेळी मोठे साहेब होते, सुरक्षेचेच. सोबत पाच-सहा जण आणि आमचे सुपरवायझर, इस्त्रीच्या शर्टात. साहेबांनी मला नियम विचारले. बायकोनं पाठ करून घेतले होते, मी धडाधड सांगितले. साहेबांनी फोन उचलला, बोलले, ठेवला.

"नया लगा है?"

सुपरवायझर म्हणाले, "जी सर, पिछले इन्स्पेक्शन से परमनंट लगा है."

बायको क्वार्टरच्या दारात उभी होती. डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, "साहब, उलटा करके देखो. नीचे मेरा टिपका है. ये फोन घूमता है. तुम्हारे साथ आता है, तुम्हारे साथ जाता है. हमारे पास थाली रहती है." आणि पोचे पडलेली थाळी पुढे केली.

साहेबांनी फोन उलटा केला. टिपका पाहिला. थाळी पाहिली. सुपरवायझरकडे पाहिलं. सगळे आपापल्या बुटांकडे पाहून राहिले. मला वाटलं, झालं, आज कोणाची तरी नोकरी जाते. साहेब हुशार होते. मागच्या तपासणीच्या कागदांवरही वरची सही त्यांचीच होती ना. त्यांनी घसा साफ केला आणि विचारलं, "सरकारी संपत्ती पर ये निशान किसने लगाया?"

"मैंने," बायको म्हणाली.

"नोट करो," साहेब म्हणाले.

अशी तपासणीत चूक सापडली. एवढ्या मोठ्या लवाजम्यानं, एवढ्या लांबून येऊन, फाटकावर एक लाल टिपका पकडला.

अर्ध्या तासानं मोटरसायकल आलीच. माणसानं स्क्रू खोलायला पेचकस काढला आणि तेवढ्यात त्याच्या मोबाइलवर सुपरवायझर ओरडले, मलाही ऐकू आलं: "उसको हाथ मत लगाना! उस पर केस बन गया है!" बादल्या गेल्या, झेंड्या गेल्या, वाळू गेली. फोन राहिला. सबूत म्हणून. हुकूम येईपर्यंत त्याला मीही हात लावायचा नव्हता, म्हणून थाळी चालूच राहिली.

पंधरा दिवसांनी मला चार्जशीट मिळाली. कर्मचाऱ्याच्या पत्नीनं सरकारी टेलिफोन विद्रूप केला आणि कर्मचाऱ्यानं तिला रोखलं नाही. रोखलं नाही हे खरं आहे. लग्न झाल्यापासून कधी जमलं नाही.

युनियनवाले भैया आले. म्हणाले, "चाचा, मैं जवाब लिख देता हूँ. एक ही सुनवाई में छूट जाओगे. निशान पोंछ दो, बोलो था ही नहीं."

मी खूश झालो. बायको चार्जशीट पुन्हा वाचत होती. एक ओळ बोटानं धरून म्हणाली, "इथं काय लिवलं, पाह्यलं काय? 'उक्त फाटक पर स्थापित टेलिफोन.' म्हंजे सरकारनं मानलं ना जी, का फोन या फाटकाचा हाय. तुमी सुटले तं केस संपली. केस संपली तं फोन चालला फिराले."

"अन् माही सजा?"

"घ्या ना. काय फाशी देऊन राह्यले?"

युनियनवाले भैया डोकं धरून बसले. त्यांच्या आयुष्यात कबुलीजबाब लिहून मागणारी बाई पहिलीच. जवाब तिनंच सांगितला, त्यांनी हिंदी नीट करून लिहिला: आमच्या फाटकाच्या टेलिफोनवर लाल निशाण आहे, ते माझ्या पत्नीनं लावलं, मी कबूल करतो. 'हमारे फाटक के' हे तिनं तीनदा घालायला लावलं. सजेच्या हुकुमात साहेबांनी तेच शब्द उतरवले. एका वर्षाची वेतनवाढ बंद, आणि उक्त फाटकाचा टेलिफोन यापुढे नीट ठेवावा अशी ताकीद. आता दुसऱ्या फाटकावर लाल टिपक्याचा फोन सापडला असता तर साहेबांचाच हुकूम खोटा पडला असता. त्यानंतर तपासणीला बाकी सगळं फिरायचं, आमचा फोन नाही. दुसऱ्या फाटकांसाठी त्यांनी दुसरा शोधला असेल. सुपरवायझरना त्याच वर्षी सुरक्षेच्या बक्षिसाची ढाल मिळाली, फोटोसकट.

हुकूम आला त्या सकाळी बायको ओट्यावर मटार सोलत होती. फोन वाजला. तिचा हात सवयीनं थाळीकडे गेला, ती अर्धी उठलीसुद्धा. मग थांबली आणि खाली बसली. "उचला ना जी," ती म्हणाली, "तुमच्यासाठीच हाय." मी फाटक लावलं. गाडी वळणावरून आली, तिथं कोणी उभं नव्हतं. मी गाडीला हिरवी झेंडी दाखवली. तिनं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. मटार सोलतच होती.

मी रिटायर झालो. मग तिथं अंडरब्रिज झाला, फाटक गेलं, क्वार्टर पाडलं. अंडरब्रिजमध्ये पाणी भरतं, तिथंही तपासणीवाले जात असतील, भिंतीला चुना लावून. लावोत बापडे.

बायको घरातच गेली, छातीच्या दुखण्यानं, चार दिवसांत. तेरवीला शेजाऱ्यांकडे डबे, वाट्या, पातेली गेली होती. दोन दिवसांत सगळी घरी आली. कोणाला विचारावं लागलं नाही. बुडाला टिपके होते.

परवा सून आवराआवर करत होती. पोचे पडलेली थाळी हातात घेऊन म्हणाली, "बाबूजी, ये तो एकदम पिचक गई है. कबाडी को दे दूँ?" मी त्याच थाळीत जेवतो. वरण पोच्यात जमा होतं, भात कोरडा राहतो, हे तिनं पाहिलं होतं. चांगल्या मनानंच विचारत होती.

मी म्हणालो, "उलटी करके देख, बेटी."

तिनं उलटी केली. पाहिलं. नळाखाली धरून थाळी धुतली, लाल टिपक्याला बोट न लागू देता पुसली, आणि रॅकवर माझ्या ग्लासाजवळ उभी ठेवली.