पथ्य कुणी सांभाळायचं

आमच्या यांना साखर निघाली, तेव्हा सोलापूरच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "घरी स्वयंपाक कोण करतं?" यांनी बाहेर बाकावर बसलेल्या माझ्याकडे बोट दाखवलं. मला आत बोलावलं. गूळ-साखर बंद, भात बंद, ज्वारीची भाकरी, पालेभाजी, वेळेवर जेवण, हे सगळं डॉक्टरांनी माझ्याकडे बघून सांगितलं. हे शेजारी बसून भिंतीवरचं कॅलेंडर न्याहाळत होते. आजार त्यांचा आणि शिकवणी माझी.

ती शिकवणी मी चोख पाळली. शाळेत यांचा डबा वेगळा, घरी यांची भाजी वेगळी. लग्नकार्यात मी यांच्या पानाशी उभी राहायची आणि जिलेबीवाल्याला हातानंच पुढं पिटाळायची. सासूबाई तर माझ्याहून कडक. लेकासमोर गुळाचा खडा येऊ देत नसत. यांची साखर आटोक्यात आली. गावभर झालं, मास्तरांचा निर्धार लई मोठा. मास्तरांनीही तो मान घेतला.

मग काही वर्षांनी मलाही साखर निघाली. डोळ्यांपुढं काळे ठिपके नाचायला लागले म्हणून दाखवायला गेले, तर दुखणं डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचलेलं. पथ्य पाळलं नाही तर नजर जाईल, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मग तोच प्रश्न, स्वयंपाक कोण करतं? म्हटलं, मीच.

"मग तुमचं सोपं आहे."

हेही हसून हो म्हणाले.

सोपं! आमचं घर जळकोटला, हायवेला लागून. तुळजापूरला जाणारा-येणारा प्रत्येक नातेवाईक पाणी प्यायला उतरतो आणि जेवून जातो. सगळ्यांची पानं उठल्यावर सुनेनं बसायचं, हा आमच्या घरचा रिवाज. माझं ताट मांडलं जायचं ते ऊन कलल्यावर. तोवर भाकरीची टोपली रिकामी. उरलेलं काय, तर पातेल्यातला भात, पाहुण्यांच्या पोरांनी उष्टावलेला शिरा. माझ्या एकटीसाठी एकदा पुन्हा तवा टाकला, तर सासूबाई म्हणाल्या, "एवढं अन्न पडलंय आन् तू येगळं शिजवतीस? अन्नाला लाथ मारू न्हाय गं." लेकासाठी रोज वेगळं शिजत होतं, तेव्हा हे अन्नब्रह्म कुठं गेलं होतं कोण जाणे.

नवरात्रात तर विचारूच नका. घरोघर सवाष्ण म्हणून बोलावणं, पानात पुरणाची पोळी, वर तुपाची धार. मला साखर आहे म्हटलं, तर उत्तर ठरलेलं, "देवीचं हाय वैनी, त्येनं काय होत न्हाय." सवाष्णीनं पान टाकून उठणं म्हणजे त्या घराचं वाईट चिंतणं. पुढं वर्षभरात तिथं काही वाकडं झालं, की बोट माझ्याकडे. मी मुकाट गिळत होते.

एका मंगळवारी मात्र हिय्या केला. घरात कुणी जेवायच्या आधी माझी भाकरी-भाजी वाढून घेतली आणि चुलीपुढं जेवायला बसले. सासूबाई दारापर्यंत आल्या, बघितलं, परत गेल्या. त्या दिवशी त्यांनी अन्नाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा आधी बसले, त्यांनी पुन्हा ताट बाजूला सरकवलं. सून म्हातारीला उपाशी मारते, असं गल्लीत सुरू झालं. मी यांना म्हटलं, तुम्ही तरी सांगा त्यांना.

"बायकांच्या भानगडीत मी कशाला पडू?" हे म्हणाले. "पथ्य मनानं होतं. मी नाही का पाळलं? तुझा जिभेवर ताबा नाही, म्हणून तुला निमित्तं लागतात."

या माणसानं जन्मात स्वतःच्या पथ्याची मेथी कधी निवडली नव्हती. त्या वाक्याचा राग माझा अजून उतरलेला नाही. पण म्हातारं माणूस उपाशी ठेवून घास उतरेना. मी पुन्हा शेवटी बसायला लागले, आणि पुढं पडेल ते खात गेले.

पथ्य टिकत नाही ते मन कच्चं असतं म्हणून, असं लोक बोलतात. मनाला कशाला मध्ये ओढता? ज्याच्या पानाशी दुसरं कुणी उभं असतं, त्याचं टिकतं. माझ्या पानाशी उभं राहायला घरात कुणी नव्हतं, एवढंच.

आता सासूबाई नाहीत. माझा डावा डोळा गेला. उजव्यानं उजेड कळतो आणि माणसाचा आकार. यांची साखर अजून उत्तम आहे. त्यांची भाकरी मी हातानं चाचपत थापते, भाजली का ते वासावरून ठरवते.

परवा जेवता जेवता हे म्हणाले, "भाजीत मीठ जास्त पडलंय. डॉक्टरांनी मला कमी सांगितलंय, जरा लक्ष ठेवत जा."

म्हटलं, ठेवते.