नुसता फ्लॅश

लग्नात फोटो काढणाऱ्या आम्हा लोकांची एक ठरलेली चोरी होती. सगळे विधी टिपायचे आणि रीळही पुरवायचं, तर मांडवातल्या प्रत्येक आत्याबाईचा फोटो काढणं परवडत नसे. आत्याबाई तर हट्टालाच पेटलेल्या. मग फ्लॅशगनच्या मागचं बटण दाबायचं. लख्ख उजेड पडायचा, आत्याबाई खूश, आणि फिल्मवर काहीही उमटायचं नाही. याला आम्ही 'नुसता फ्लॅश' म्हणायचो. नागपुरात वीस वर्षं मी हे बिनदिक्कत केलं.

घरी मोठी बहीण होती. आम्ही विणकरांची मुलं. ती लवकर विधवा होऊन माहेरी आली, आणि आईवडील गेल्यावर प्रताप नगरच्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच उरलो. मी लग्न केलं नाही. दर दिवाळीला ती धुतलेलं लुगडं नेसून दारात उभी राहायची. "काढ गा माहा एक फोटो." मी नुसता फ्लॅश मारायचो. महिन्याभराने तिने विचारलंच, तर तुझे डोळे मिटले होते, असं ठोकून द्यायचो. सख्ख्या बहिणीला! लिहितानाही लाज वाटते.

ऐंशी सालानंतर कधीतरी सीताबर्डीच्या एका दुकानातून मी छोटा परदेशी कॅमेरा घेतला. साबणाच्या डबीएवढा. फोकस तोच बघणार, उजेड तोच मोजणार, रीळही तोच सरकवणार. मला कोणी काही विचारेना. ज्या अंदाजावर इतकी वर्षं पोट भरलं, तो या डबीने एका दुपारीत निकालात काढला. मी भयंकर चिडलो. तरी पुढच्या आठवड्यात काटोलच्या एका लग्नाला तोच खिशात घालून गेलो.

तिथे एक म्हातारी मागे लागली. सवयीने नुसता फ्लॅश मारायला गेलो, तर त्याला एकच बटण. तेच दाबलं गेलं. उजेड पडला आणि कॅमेरा घर्र करून पुढच्या फोटोवर सरकला. एक फोटो फुकट गेला म्हणून मी म्हातारीवर डाफरलोसुद्धा.

रीळ धुऊन आलं, त्यात ती होती. डोक्यावरचा पदर सावरलेला, बोळकं तोंड, आणि नजर अशी की मुलगाच भेटायला आलाय. स्टुडिओत बसल्या बसल्या मला ताई आठवली. ताईची साठी जवळ आली होती आणि तिचा एकही फोटो या जगात नव्हता.

नवं रीळ भरून तसाच घरी गेलो. दिवाळी नव्हती, काही नव्हतं. "ताई, दारात उभी राह्य. आज खरा काढतो," असं बोलून गेलो आणि जीभ चावली.

ती हसली. "मले मालूम होतं गा. आधीच्यात काही नसे."

"मग दरसाल उभी काहून राहायची?"

"तेवढा वेळ तू माह्याकडे पाहत राह्यतं ना. एरवी कोण पाहून राहिलं माह्याकडे?"

मी कॅमेरा डोळ्याला लावला, कारण तोंड लपवायला दुसरं काही जवळ नव्हतं. नुसता फ्लॅश मारताना मी समोर बघतच नसे. दिवाळीत स्टुडिओत गिऱ्हाइकं खोळंबलेली असायची. बोट बटणावर आणि डोळे मनगटावरच्या घड्याळाकडे. फिल्मवर काही उमटत नाही, हे तिने ओळखलं होतं. मी तिच्याकडे बघतही नसे, हे मात्र तिला कळलं नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. बटण दाबलं.

फोटो चांगला आला. ती थेट माझ्याकडे बघते आहे. तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली, घरात दुसरं कोणी नाही, आणि तो फोटो मी अजून भिंतीवर लावू शकलेलो नाही.