पोर उपाशी पाहिजे

आमच्या घरातून माणूस उपाशी बाहेर पडत नाही. बाप मिठागरावर जाताना भाकरी खाऊनच निघायचा, मीही तसाच. मिठागरं गेली, शेतात बिल्डिंगी आल्या, नियम आहे तिथंच आहे. शाळेत मी दुसरीपर्यंतच गेलेलो, पण भरल्या पोटी काम अडत नाही एवढं मला कळतं.

नातीचं मात्र अडलं. लहानगी पोर, ताप आणि खोकला हटेना, फ्रॉक अंगावर लोंबायला लागलेला. शीळफाट्याच्या डॉक्टरने ठाण्याला मोठ्या दवाखान्यात धाडलं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, टीबी वाटतो, पण खात्री करायला बेडका पाहिजे. लहान पोरं बेडका थुंकत नाहीत, गिळतात. म्हणून तो सकाळी नाकातून बारीक नळी घालून पोटातूनच काढायचा. पोर उपाशी पाहिजे.

सुनेने मला हे बजावून सांगितलेलं. पण पहाटे ती आंघोळीला गेली आणि पोर ओटीवर पाय हलवत बसलेली. मी म्हटलं, उपाशी म्हणजे जेवायचं नाही. तुकडाभर भाकरीला जेवण कोण म्हणतं? चहात बुडवून दिली.

दवाखान्यात नर्सने विचारलं, काही खाल्लंस का? नात ऐटीत म्हणाली, "भाकरी. आजाने दिली."

नर्सने उद्या या म्हणून सांगितलं. माजिवड्याच्या ट्राफिकमध्ये रिक्षा उभी राहिली तेव्हा सून एकदाच बोलली.

"बाबा, तुमचा नियम राहील हो. माझी पोर राहायला पाहिजे."

 

घरी येऊन मी जाहीर केलं: उद्या पोर उपाशी, तर अख्खं घर उपाशी. सकाळी गॅस पेटला नाही. मुलगा तसाच कामावर गेला. आमची म्हातारी पुटपुटली की पंचांगात नसलेली एकादशी आजच बघितली. नातीने माझ्यावर पहारा ठेवला, पाण्याच्या मडक्याकडे जाऊ देईना.

नळी घालताना रडली, माझा अंगठा पिरगाळला, पण झालं. डोळे पुसत नर्सला म्हणते कशी, "आता आजाला घाला."

नर्स हसली. आजोबांना नळी नाही, म्हणाली, पण लहान पोरांना हा रोग बहुतेक मोठ्या माणसाकडून लागतो, तेव्हा घरातल्या सगळ्यांच्या छातीचा फोटो काढायचा. मला काय धाड भरलीय, मी म्हटलं. नातीने बोट धरून आत नेलं. सगळ्यांचे फोटो साफ निघाले.

पोरीच्या तपासणीत मात्र टीबी सापडला. पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी लघवी नारिंगी झाली, ती तिने शेजारच्या पोरांना बोलावून दाखवली. थोड्या दिवसांत ताप गेला, अंगावर मांस चढलं, तसे भावकीतले सांगायला लागले, बरी झाली ना, आता कशाला एवढ्या गोळ्या? मी म्हटलं, डॉक्टरीणबाई सांगतील तेव्हा बंद होतील. माझ्या हट्टापुढे कोणाचं चालत नाही, हे भावकीला ठाऊक आहे. गोळी रोज मीच विरघळवून दिली, औषधाच्या शेवटच्या दिवसापर्यंत.

परवा गल्लीत लग्नाची हळद होती. पोर बेंजो वाजवणाऱ्यांपुढे इतकी नाचली की सून काळजीने उठून उभी राहिली. मी पुढे जाऊन पोरीजवळ कान नेला. खोकला नाही, धाप नाही. सुनेला हातानेच बस म्हणून खुणावलं, आणि तिथंच दोन पावलं मीही नाचून घेतली.